रेव्हरंड जॉन कर्वेन व त्यांची स्वरशिडी

गायन ही ईश्वरदत्त देणगी आहे, ती कांहींस मिळते व कांहींस मिळत नाहीं, असा समज आपल्या समाजांत फार जुना आहे. एखाद्या मुलाचा स्वर पहिल्या दिवशीं जुळला नाहीं, कीं घरचीं माणसें आणि कधीं कधीं शिक्षकही त्यास मागच्या रांगेंत बसवितात, व याचा गळा गाण्याचा नाहीं असा शिक्का त्याच्यावर कायमचा बसतो. हा समज किती निराधार आहे हें ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें, अशा एका सत्पुरुषाची ओळख आम्ही या लेखांत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहों. त्यांचें नांव रेव्हरंड जॉन कर्वेन. इंग्लंडांतील लक्षावधि मुलांस व कामकऱ्यांस कागदावरचें गीत वाचून चार भागांत गाण्याचा मार्ग ज्यांनीं मोकळा करून दिला, त्या या गृहस्थांस तरुणपणीं एक साधी चालही आपली आपण धरतां येत नव्हती.

कर्वेन यांचा जन्म ता. १४ नोव्हेंबर १८१६ रोजीं यॉर्कशायर परगण्यांतील हेक्मंडवाइक या गांवीं झाला. त्यांचे वडील स्पेडिंग कर्वेन हे कॉंग्रिगेशनल पंथाचे पाळक होते. पुत्रानेंही पित्याचाच मार्ग पत्करला. लंडन येथें शिक्षण पुरें करून १८३८ सालीं जॉन हे बेसिंग्स्टोक येथील मंडळीचे साहाय्यक पाळक झाले. पुढें कांहीं काळ स्टोमार्केट येथें सेवा करून १८४४ सालीं ते लंडनजवळच्या प्लेस्टो गांवीं पाळक म्हणून गेले. त्यांस लहान मुलांचा मोठा लळा होता. मुलांकरितां त्यांनीं नेली व्हॅनर नांवाच्या एका मुलीची छोटी चरित्रकथाही लिहिली होती. रविवारची शाळा हें त्यांचें आवडतें कार्यक्षेत्र. त्या काळीं इंग्लंडांत गिरण्या व खाणी झपाट्यानें वाढत होत्या, मुलें कोवळ्या वयांत कामास जुंपलीं जात, आणि पुष्कळ गरीब मुलांस अक्षरओळख होण्याची जागा ती काय ती रविवारचीच शाळा असे. तेथें गीतें गाण्याचा प्रघात होता. परंतु गाणें शिकविणार कोण, व कसें, हा मोठाच प्रश्न होता. मुलें गीतावांचून राहत नसत, आणि शिक्षकांस स्वतःस गातां येत नसे. कर्वेन यांची स्थिति याहून निराळी नव्हती.

त्या काळीं पाश्चात्य गायन रीतसर शिकावयाचें म्हणजे पांच रेघांची स्वरलिपि शिकणें भाग असे. पांच आडव्या रेघा, त्यांवर व त्यांमध्यें टिंबें, आरंभीं एक वळणदार खूण, पुढें तीव्र-कोमलांच्या निरनिराळ्या खुणा. आणि पट्टी बदलली कीं गीताचा मूळ स्वर दुसऱ्याच रेघेवर जाऊन बसावयाचा. वाद्य वाजविणारास ही लिपि फार सोयीची आहे. कारण प्रत्येक टिंब त्यास वाद्यावरील एक ठराविक जागा दाखवितें. परंतु गाणाराच्या गळ्यांत पट्ट्या बसविलेल्या नसतात. टिंब पाहतांच तो स्वर त्यास आधीं मनांत ऐकूं यावा लागतो, आणि तो ऐकण्याची युक्ति त्यास कोणी शिकवीत नसे. सधन घरच्या मुलांस पियानो मिळे व शिक्षकही मिळे. गरिबांच्या मुलांनीं मात्र ऐकून ऐकून पाठ करावें, आणि चुकलें तर चुकीचेंच पुढें चालवावें, असा प्रकार होता.

या अडचणीवर उपाय झालाच नव्हता असें नाहीं. १८४१ सालीं जॉन हुल्ला यांनीं लंडनच्या एक्झेटर हॉलमध्यें गायनाचे मोठमोठे वर्ग काढले, व त्यांस सरकारी शिक्षणखात्याचा पाठिंबाही मिळाला. त्यांची पद्धति फ्रान्समधील विल्हेम यांच्या पद्धतीवर बेतलेली होती. तींत 'डो' हें नांव पियानोवरील एकाच पट्टीस कायमचें बांधून टाकलेलें होतें. त्यामुळें पहिले सोपे धडे संपून दुसऱ्या पट्ट्यांतील गीतें येऊं लागलीं, कीं विद्यार्थी गोंधळून जात. स्वराचें नांव तेंच, पण त्याचें काम दरवेळीं निराळें. मग मनानें धरावें तरी काय? पुष्कळांचा उत्साह येथेंच मावळला.

त्याच १८४१ सालीं हल शहरांत रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. मुलांस व मंडळीस गायन शिकविण्याची सर्वांत सोपी व उत्तम रीति कोणती, हें शोधून काढण्याचें काम परिषदेनें तरुण कर्वेन यांजवर सोंपविलें. गायनांत जो सर्वांत कच्चा, त्याच्याच खांद्यावर गायनाचा भार पडला. पण आम्हांस वाटतें कीं यांत ईश्वरी योजना होती. ज्यास गाणें सहज येतें, त्यास तें कां येत नाहीं हें कळत नाहीं. कर्वेन यांस तें चांगलें ठाऊक होतें. कारण ते रोज त्याच खड्ड्यांत अडखळत होते.

या शोधांत त्यांच्या हातीं एक लहानसें पुस्तक पडलें. तें नॉर्विच शहरांतील सारा ॲना ग्लव्हर नांवाच्या बाईंनीं लिहिलेलें असून १८३५ सालीं प्रसिद्ध झालेलें होतें. ग्लव्हरबाईंचा जन्म १७८६ चा. त्यांचे वडील नॉर्विच येथें धर्मोपदेशक होते. बाई आपल्या शहरांतील गरीब मुलींची शाळा चालवीत. मंदिरांत सर्व लोकांनीं मिळून शुद्ध स्वरांत स्तोत्रें गावीं ही त्यांची तळमळ. अकराव्या शतकांत इटलींतील गीदो नांवाच्या साधूनें स्वरांस अक्षरनांवें देऊन गाणें शिकविण्याचा परिपाठ पाडला होता. त्याच परंपरेंतील डो, रे, मी इत्यादि नांवें बाईंनीं घेतलीं, पण त्यांत एक चतुर सुधारणा केली. सातवा स्वर 'सी' म्हणून ओळखला जाई. त्याचें व 'सोल' याचें आद्याक्षर इंग्रजींत एकच. म्हणून बाईंनीं त्याचें 'टी' केलें. आतां साती स्वरांचीं आद्याक्षरें वेगळालीं झालीं, व रेघांवांचून केवळ अक्षरांनीं गाणें लिहितां येऊं लागलें. स्वर एकाखालीं एक लिहिलेली एक शिडी त्यांनीं भिंतीवर टांगली, आणि काचेच्या पट्ट्यांचें एक छोटें वाद्यही स्वर दाखविण्यासाठीं योजिलें.

हें पुस्तक वाचून कर्वेन यांनीं फार साधी गोष्ट केली. त्यांनीं त्यावर टीका लिहिली नाहीं, कीं व्याख्यान दिलें नाहीं. ते स्वतः विद्यार्थी झाले. ज्या घरीं ते राहत तेथील एका लहान मुलास सोबत घेऊन ते त्या रीतीनें शिकूं लागले. इतर कामांच्या गर्दींतून वेळ काढून एका पंधरवड्यांत त्यांनीं जें साधलें, तें पूर्वीच्या सर्व खटपटींनीं साधलें नव्हतें: कोणाच्याही मदतीवांचून पुस्तकांतील स्तोत्राची चाल त्यांस वाचून गातां येऊं लागली. पुढें ते नॉर्विच येथें जाऊन ग्लव्हरबाईंची शाळाही पाहून आले. जी रीति आपल्यासारख्या मंदमतीस गावयास लावते, ती कोणासही लावील, अशी त्यांची खात्री झाली. १८४२ सालापासून त्यांनीं या विषयावर लेखमाला लिहिली, व १८४३ सालीं आपलें पहिलें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. या पद्धतीस पुढें 'टॉनिक सोल्फा' हें नांव मिळालें.

ही पद्धति आपल्याकडील वाचकांस समजावून देणें कठीण नाहीं. किंबहुना, आमच्या मतें ती इंग्रज मुलापेक्षां मराठी मुलास अधिक लौकर समजेल. आपल्या गायनांत 'सा' हा कोणत्याही एका पट्टीस बांधलेला नसतो. एखादी मुलगी काळी चार धरून गाते, तिचा भाऊ काळी एक धरून गातो. तरी दोघांचाही 'सा' हा 'सा'च. आधी षड्ज ठरवावा, मग बाकीचे स्वर त्याच्याशीं असलेल्या नात्यानें ओळखावे, ही गोष्ट आपल्या कानांत तंबोऱ्यानें पिढ्यान् पिढ्या भिनविलेली आहे. कर्वेन यांचा 'डो' तोच. गीत कोणत्याही पट्टींत असो, त्याच्या आधारस्वरास डो म्हणावयाचें. पुढें रे, मी, फा, सो, ला, टी. म्हणजे आपल्या बिलावलाचे शुद्ध स्वरच म्हणा ना! कागदावर त्यांचीं केवळ आद्याक्षरें लिहावयाचीं. वरच्या व खालच्या सप्तकासाठीं अक्षराजवळ एक बारीक खूण. आणि तालासाठीं मात्रांमध्यें विरामचिन्हांसारखीं टिंबें व उभ्या रेघा. साध्या छापखान्यांतील खिळ्यांनीं हें सर्व छापतां येई, म्हणून पुस्तकेंही स्वस्त झालीं.

परंतु अक्षरें ही या पद्धतीचा देह होय. तिचा प्राण निराळाच आहे. कर्वेन यांनीं स्वर एकामागून एक शिडीच्या पायऱ्यांसारखे पाठ करून घेतले नाहींत. पहिल्या धड्यांत त्यांनीं डो, मी, सो हे तीनच स्वर दिले. म्हणजे आपले सा, ग, प. हे तिन्ही एकमेकांत मिसळून मधुर लागतात, व कच्च्या कानासही धरतां येतात. दुसऱ्या पायरीस टी व रे, आणि तिसऱ्या पायरीस फा व ला. यांत योजना अशी कीं सो, टी, रे यांचा एक मेळ होतो, व फा, ला, डो यांचा दुसरा. अशा रीतीनें मूल सप्तक शिकतां शिकतां नकळत स्वरांचे मेळही शिकून जाई. शिवाय प्रत्येक स्वराचा स्वभाव त्यांनीं मुलांस ओळखावयास लाविला. डो भक्कम व विसाव्याचा, मी शांत, सो तेजस्वी, रे जागें करणारा, फा गंभीर, ला शोकाचा, आणि टी टोंचणारा, वरच्या डोकडे सारखी ओढ घेणारा. माणसाचा चेहरा पाहिला कीं नांव आठवतें, तसा स्वभाव ध्यानांत आला कीं स्वर गळ्यांत येतो. चालणें संथ असेल तरच हे स्वभाव स्पष्ट जाणवतात, हेंही ते सांगत.

शिक्षकाच्या हातीं त्यांनीं दोन साधनें दिलीं. एक म्हणजे भिंतीवरील स्वरशिडीचा तक्ता. मध्यें मुख्य पट्टीचे स्वर उभे लिहिलेले व दोन्ही बाजूंस शेजारच्या पट्ट्यांचे. शिक्षकानें छडीनें स्वर दाखवावा, मुलांनीं गावा. शिक्षकानें मुलांबरोबर स्वतः गाऊं नये. कारण शिक्षक गाऊं लागला कीं मुलें वाचणें सोडून अनुकरण करूं लागतात. दुसरें साधन म्हणजे हाताच्या खुणा. त्या त्यांनीं १८७० च्या सुमारास प्रचारांत आणल्या. डो साठीं मिटलेली मूठ, मी साठीं सरळ आडवा तळहात, ला साठीं खालीं लोंबता हात, टी साठीं वर रोंखलेली तर्जनी. तक्ता, पुस्तक, दिवा यांपैकीं कांहींही नसलें तरी हात सर्वांजवळ असतोच. तालासाठीं त्यांनीं फ्रान्समधील एमे पारी यांचीं मात्रांचीं बोलनांवें घेऊन आपल्या भाषेस जुळवून घेतलीं. आपले तबलजी बोल म्हणून ताल पक्का करतात, त्यांतलाच हा प्रकार.

आतां चार भागांच्या गायनाकडे वळूं. कारण या सर्व खटाटोपाचें खरें फळ तेथेंच दिसतें. आपल्या भजनांत व कीर्तनांत सर्वजण एकच चाल गातात. पाश्चात्य गायकवृंदांत उंच आवाजाच्या मुली व स्त्रिया मुख्य चाल गातात, त्यांच्या खालच्या आवाजाच्या दुसरा भाग, पुरुषांपैकीं उंच आवाजाचे तिसरा, आणि खर्जाचे चवथा. या भागांस सोप्रानो, आल्टो, टेनर व बेस अशीं नांवें आहेत. समजा, गीताचा शेवटचा मेळ आहे. बेस डो धरतो, टेनर सो, आल्टो मी, व सोप्रानो वरचा डो. चौघांचे स्वर निराळे, पण कानास एकच भरीव नाद येतो. हे स्वर जितके एकमेकांच्या जवळ आणून बसवावे, तितका नाद दाट व मऊ होतो. पण तितकेंच गाणाराचें काम कठीण होतें. शेजाऱ्याचा स्वर इतका जवळ असतो, कीं कच्चा गाणारा घसरून त्याच्याच स्वरावर जातो, आणि चाराचे तीन भाग होतात.

चाल केवळ ऐकून पाठ केलेल्या मुलाचें हें नेहमींचें दुखणें आहे. त्याचा आधार शेजारी असतो. शेजारी चुकला कीं तोही चुकतो. कर्वेन यांच्या विद्यार्थ्याचा आधार मात्र स्वतःच्या मनांत असे. आल्टो गाणाऱ्या मुलीसमोर 'मी'चें अक्षर आहे. हा मेळांतला मधला, शांत स्वर, खालीं बेसचा डो ऐकूं येतो आहे, त्याच्याशीं आपलें नातें अमुक, हें तिला ठाऊक असतें. मग शेजारीण काय गाते याची तिला भीति राहत नाहीं. उलट शेजारणीचा स्वर तिच्या स्वरास पुष्टि देतो. हें साधण्यासाठीं आरंभीं एकच चाल गटागटांनीं एकामागून एक सुरू करून गाण्याचा अभ्यास असे. त्यांत प्रत्येक गटास चाल तर ओळखीची, पण दुसऱ्याचा आवाज कानांवर असतां आपली वाट न सोडण्याची संवय लागे. नंतर दोन भागांचे लहान पाठ, व मग चार भागांचीं स्तोत्रें. स्वर ओढून ताणून मोठा करूं नये, इतरांस ऐकत ऐकत गावें, ही शिस्त त्याबरोबरच येई. आपलें सांभाळावें व दुसऱ्याचें ऐकावें, या दोन गोष्टी एकाच वेळीं साधणें हेंच या गायनाचें मर्म आहे.

येथें एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. कर्वेन यांनीं ग्लव्हरबाईंच्या पद्धतींत पुष्कळ फेरफार केले, व ते सर्वच बाईंस पसंत नव्हते. आपण वर्षानुवर्षें घडविलेली वस्तु दुसऱ्यानें घेऊन तींत बदल करावा, हें कोणास आवडेल? बाईंचा दोष काढतां येत नाहीं. परंतु कर्वेन यांच्या बाजूनेंही हें सांगितलें पाहिजे, कीं त्यांनीं ही कल्पना आपली आहे असें कधीं म्हटलें नाहीं. मूळ श्रेय ग्लव्हरबाईंचें, हें ते आपल्या लेखांतून उघडपणें कबूल करीत राहिले. ग्लव्हरबाई १८६७ सालीं वारल्या. आज पुष्कळ पुस्तकांत एकट्या कर्वेन यांचेंच नांव आढळतें. आमच्या विद्यार्थिनींनीं तरी बाईंचें नांव विसरूं नये. बीज त्यांचें होतें. तें शेतोशेतीं नेऊन पेरण्याचे कष्ट कर्वेन यांचे.

ते कष्टही थोडेथोडके नव्हते. १८५३ सालीं टॉनिक सोल्फा संघ स्थापन झाला, तेव्हां या पद्धतीनें गाणारे सुमारें २,००० असावेत असा अंदाज होता. दहा वर्षांनीं तो १,८६,००० वर गेला. १८५७ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें ३,००० मुलांनीं एकत्र गायन केलें. १८६७ सालीं त्याच ठिकाणीं हजारों गाणारांपुढें मॅकफॅरन यांनीं मुद्दाम रचलेलें नवें गीत ठेवण्यांत आलें. तें पूर्वीं कोणीही पाहिलेलें नव्हतें, आणि तें त्या समुदायानें पहिल्याच वाचनांत गाऊन दाखविलें. या पद्धतीच्या गाणारांत कारकून होते, विणकर होते, खाणींत कोळसा फोडणारे होते. वेल्स प्रांतांतील खाणकामगारांचे गायकवृंद जगप्रसिद्ध झाले, त्यांच्या मुळाशीं हींच अक्षरें होतीं. हांडेलचा 'मसीहा' पूर्वीं ज्यांनीं दाराबाहेर उभें राहून ऐकला असता, ते आतां आंत उभे राहून तो गाऊं लागले.

विरोधही पुष्कळ झाला. नांवाजलेल्या संगीतज्ञांपैकीं कित्येकांनीं या अक्षरांस खरें संगीत मानण्यास नकार दिला. सरकारी शाळांत हुल्ला यांच्या पद्धतीस मान होता, व १८७२ सालीं खुद्द हुल्ला हेच सरकारचे गायनपरीक्षक झाले. कर्वेन यांनीं वादापेक्षां पुराव्यावर भर दिला. त्यांनीं पायरीपायरीच्या परीक्षा ठरविल्या, आणि त्या समुदायानें द्यावयाच्या नसून एकेकट्यानें द्यावयाच्या असत. घोळक्यांत तोंड हलविणारास प्रमाणपत्र मिळत नसे. शेवटीं सरकारासही शाळांतून ही पद्धति मान्य करावी लागली.

१८४५ सालीं कर्वेन यांचा विवाह झाला होता. प्रपंच, मंडळीची सेवा व हें वाढतें कार्य यांची ओढाताण होऊं लागली, तेव्हां १८६४ सालीं त्यांनीं पाळकपद सोडलें. त्यांनीं धर्मसेवा सोडली असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. छापखाना, मासिक, पाठ्यपुस्तकें, शिक्षकांचे वर्ग यांत ते रात्रंदिवस गढून गेले. १८५८ सालचा त्यांचा 'स्टँडर्ड कोर्स' हा ग्रंथ व १८७५ चें शिक्षकांसाठीं लिहिलेलें मार्गदर्शक पुस्तक हीं त्यांचीं मुख्य पुस्तकें. शिक्षक तयार करण्यासाठीं त्यांनीं टॉनिक सोल्फा कॉलेज स्थापिलें, व १८७९ सालीं लंडनच्या फॉरेस्ट गेट भागांत त्याच्या इमारतीस आरंभ झाला. पुढच्याच वर्षाच्या जानेवारींत त्यांची पत्नी निवर्तली, आणि ता. २६ मे १८८० रोजीं मँचेस्टर येथें त्यांनींही इहलोक सोडला. त्यांचें कार्य त्यांचे पुत्र जॉन स्पेन्सर कर्वेन यांनीं पुढें चालविलें.

थोरांच्या चरित्रांत केवळ गुणच सांगणें हें वाचकांस फसविण्यासारखें आहे. कर्वेन यांनीं आरंभीं ही अक्षरलिपि पांच रेघांच्या लिपीकडे नेणारा जिना म्हणून दिली होती. उत्तरायुष्यांत मात्र त्यांनीं आपल्या पुस्तकांतून रेघांची लिपि वगळली. परिणाम असा झाला, कीं पुष्कळ गाणारे जिन्यावरच राहून गेले. वाद्यवादकांशीं त्यांची भाषा जुळेना. वारंवार पट्टी बदलणारी नवी रचना आली कीं अक्षरें अपुरीं पडूं लागलीं. विसाव्या शतकांत इंग्लंडांत या पद्धतीचा प्रसार ओसरला, त्याचें हेंही एक कारण होय. जी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस पार घेऊन गेली, तिच्यावरच मुक्काम करावा असा मोह उत्तम शिक्षकासही होतो.

तथापि त्यांचें बीज दूरदूर रुजलें. मिशनरी लोकांनीं तें मादागास्कर, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांत नेलें. तेथें पियानो नव्हते, पण गळे होते. जोहान्सबर्गजवळच्या एका मेथॉडिस्ट मिशन शाळेंतील इनॉक सोंटोंगा या आफ्रिकी शिक्षकानें १८९७ सालीं एक प्रार्थनागीत रचलें व तें याच अक्षरांनीं लिहून ठेवलें. आफ्रिकेवर ईश्वराचा आशीर्वाद मागणारें तें गीत पुढें स्वातंत्र्याच्या चळवळीचें गीत झालें, व १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतांत त्याचा समावेश झाला. एका शाळामास्तराजवळ जर रेघांचा महागडा कागद हीच एक वाट असती, तर तें गीत कोणाच्या हातीं लागतें कोण जाणे! तिकडे हंगेरींत झोल्तान कोदाय यांनीं शाळांतील गायनशिक्षणाची जी पद्धति उभारली, तींत कर्वेन यांच्या हाताच्या खुणा घेतल्या. त्या आज जगभर शिकविल्या जातात. आपल्या महाराष्ट्रांतही कांहीं दशकांनंतर असेच प्रयत्न झाले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढून, व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं चिजा स्वरलिपींत छापून, घराण्यांत कोंडलेली विद्या सामान्य विद्यार्थ्यांच्या हातीं दिली. त्यांचें संगीत निराळें, लिपीही त्यांची स्वतःची. परंतु गाणें कागदावर उतरलें कीं तें गरिबालाही मिळतें, हा विश्वास एकच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यास आपला स्वर लागत नाहीं असें वाटतें, त्यानें सा, ग, प या तीन स्वरांपासून आरंभ करावा. हार्मोनियमवर सा धरावा, डोळे मिटून तो ऐकावा, मग ग मनांत ऐकून गावा, व शेवटीं वाद्यावर पडताळून पाहावा. रोज दहा मिनिटें पुरेत. आमच्या वर्गांत आम्हीं पाहिलें आहे, कीं ज्यांस आरंभीं एक स्वरही धरतां येत नव्हता, त्यांतलीं कित्येक मुलें वर्षअखेरीस आल्टोचा भाग निर्भयपणें सांभाळूं लागलीं. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं मुलाचा गळा पारखण्याची घाई करूं नये. हेक्मंडवाइकच्या त्या पाळकाच्या पुत्रास कोणी वेळींच गप्प बसविलें असतें, तर त्याबरोबर किती लाख गळे मुके राहिले असते याचा हिशेब कोण करणार?